दोन बंदरं आणि कौसल्यामावशीचा दहीभात

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत डोकं खाजवत बसायला नको. दहीभात कौसल्यामावशीनंच ठेवला होता. दहशतवाद्यांनी नाही, रहेमानभाईनं नाही, आणि देवानं तर मुळीच नाही. देवाशी आमच्या घराचं छप्पन सालीच मिटलं, त्यामुळे मी त्याची बाजू घेऊन बोलतो असं कोणी समजू नये.

मी संघदीप. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला जी जिनिंग आहे, तिथल्या वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की आधी माझ्या काट्यावर, रुईच्या गाठी भरून ट्रेलर निघाला की जाता जाता माझ्या काट्यावर. कौसल्यामावशी पण रोज सकाळी माझ्याच खिडकीसमोरून आत जाते आणि काहीतरी टोमणा मारल्याशिवाय पाय उचलत नाही. "काहून बे संघ्या, झोपला नाही का रात्री? तोंड पाह्य, भिजल्या सरकीवानी दिसून राह्यलं." हा तिचा नमस्कार.

मावशी माहेरची मुकुटबनकडची. लग्न होऊन इकडे आली ती उकंडाच्या घरी. उकंडाच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मल्या जन्मल्या त्याला उकिरड्यावर टाकलं आणि लगेच उचलून घरात आणलं. मरणाला वाटावं की हा टाकाऊ माल आहे, नेऊन फायदा नाही. नावही तेच पडलं. मरण फसलं, उकंडाकाका सत्तरीला आला आणि अजून बाजेवर पडून चहा मागतो. मावशी म्हणते, "सासूनं टाकला थो बराच केला व माय. पन उचलला कायले?"

जिनिंगमध्ये ती बायांची मुकादम. कापसातला पालापाचोळा, सुतळी, प्लास्टिक, कोणाचे केस, कोणाची विझलेली बिडी, सगळं वेचायचं काम तिच्या टोळीकडे. तिच्या तोंडात सदा खर्रा, पण थुंकायला ती फाटकाबाहेर जाते. भीमसिंग हमालानं एकदा गाठीजवळ पिचकारी मारली, तर त्याच्याच डोक्याचा दुपट्टा सोडायला लावून त्यानंच पुसून घेतली. भीमसिंग चांगला धिप्पाड गडी, पण चूपचाप पुसली लेकानं. समुद्र मावशीनं बापजन्मात पाहिलेला नाही. पैनगंगेचा पूर पाहिलाय, आणि तेवढ्यावर तिचं मत झालंय की इतकं पाणी माणसाच्या कामाचं नाही.

आता या बाईचा आणि दोन देशांच्या बंदरांचा काय संबंध? तर आपल्या किनाऱ्यावरच्या एका बंदरानं युरोपातल्या एका बंदराशी करार केला. म्हणे, भगिनी बंदरं झालो. आमच्या गल्लीत सख्ख्या बहिणी एका नळावर पाणी भरू शकत नाहीत, पण बंदरं बहिणी झाली. फोटोत दोन्हीकडचे साहेब हातात हात घालून दात काढत होते. कराराची गोष्ट मात्र चेष्टेची नव्हती. इकडून जहाजावर चढणाऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत डब्यात, काय आहे, हे तिकडच्या बंदराला आधीच ठाऊक पाहिजे, म्हणजे मधे कोणी अमली माल किंवा बंदुका कोंबायला नको. आणि धूर कमी झाला पाहिजे. म्हणून गाठी नागपूरपर्यंतच ट्रेलरनं, पुढं किनाऱ्यापर्यंत रेल्वेनं, आणि डब्यातून इकडची माती, बी, किडे तिकडच्या शेतात जायला नकोत. जो कारखाना हे पाळेल त्याच्या डब्याला हिरवी चिठ्ठी. हिरव्या चिठ्ठीचा डबा तिकडे रांगेत अडकत नाही. आमची जिनिंग त्यात निवडली गेली, आणि आमचे मॅनेजर पुंडलिकराव त्या दिवसापासून जरा छाती काढून चालायला लागले.

या करारानं बायांचं मात्र खरंच भलं केलं. आधी गाठी नागपूरकडच्या गोदामात जायच्या आणि तिथे डब्यात भरल्या जायच्या. आता रिकामा डबाच पांढरकवड्याला यायला लागला. तो झाडायचा, पुसायचा, कोपरे घासायचे, हे काम मावशीच्या टोळीला मिळालं. मोकळ्या हवेतलं काम. टोळीतल्या पायलला कापसाच्या धुळीनं दमा धरला होता, खोकून खोकून पोरगी कमरेत वाकायची. डब्याच्या कामावर आली आणि तिचा खोकला बसला.

नियम समजवायला आपल्या बंदराच्या ऑफिसातून मैत्रेयी मॅडम आल्या होत्या. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांनी बायांना सावलीत बसवून सांगितलं की डब्यात एक यंत्र आहे, त्याला आतला ओलावा कळतो, वास कळतो. नाकच समजा. म्हणून आत चुकूनही काही राहता कामा नये. माती नाही, कचरा नाही, काही नाही.

मावशीनं विचारलं, "म्हंजे घाण ठेवाची नाही, असंच ना?"

"अगदी बरोबर, मावशी. घाण ठेवायची नाही."

"मंग झालं," मावशी म्हणाली.

मॅडम खूश. मी पण तिथेच होतो, मलाही काही खटकलं नाही. कारण मॅडमला सीतादही माहीत नव्हती, आणि मला माहीत होती पण आठवली नाही.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. बाया दहीभात घेऊन वावरात जातात, कपाशीच्या झाडापाशी निवद ठेवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. मावशी वावरातून जिनिंगमध्ये आली तरी तिची सीतादही सुटली नाही. हंगामाची पहिली गाठ निघाली की पळसाच्या पानाच्या द्रोणात दहीभात, आणि तो द्रोण मशीनजवळ. निवद करताना चाखायचा नसतो, त्यामुळे तिच्या दहीभातात मीठ कधी तोंड वाकडं होईल इतकं, कधी अजिबात नाही. आम्हाला वाटायची तेव्हा मी म्हणायचो, "मावशी, तुझ्या देवाला बीपी आहे का?" ती म्हणायची, "तुले फुकट भेटून राह्यलं ना? गीळ मुकाट्यानं."

त्या वर्षी मशीनजवळ खायचं न्यायला बंदी झाली. मग मावशीनं तिच्या डोक्यानं विचार केला. डबा आपण घासून लख्ख केलाय. निवद म्हणजे काही घाण नाही. आणि या खेपेला कापूस नुसता नागपूरला नाही, समुद्रापार चालला. तर द्रोण डब्यातच ठेवला पाहिजे.

पहिला हिरवा डबा निघाला त्या दिवशी जिनिंगमध्ये लग्नघर. मांडव, माईक, शेठचं भाषण, पुंडलिकरावांचं भाषण, शेठच्या साडूचंही भाषण, आणि त्या साडूचा कापसाशी काय संबंध हे कोणालाच कळलं नाही. पाहुण्यांना पेढे, मांडवात गार पाणी. ट्रेलर चालवणारा रहेमानभाई सकाळीच गाडी लावून गेटवर उभा होता. गाठी कधीच्या भरून झाल्या होत्या, पण फोटोवाला आला नव्हता. मावशी शेवटचा झाडू मारते म्हणून दारातून आत चढली, पदराखाली हात धरून, आणि उतरली तेव्हा हात मोकळे होते. मला वाटलं कंबर धरली असेल. दाराला जिनिंगचं कुलूप लागलं, ट्रेलर काट्यावर आला, मी वजन घेतलं. एवढ्याशा दहीभाताचं वजन आमच्या काट्याला कळत नाही. दिवस कलता कलता रहेमानभाई निघाला. नागपूरला रेल्वेच्या यार्डात डब्याला बंदराचं सील लागलं आणि आम्ही सगळे विसरून गेलो.

महिना उलटला. एक दिवस पुंडलिकराव घामाघूम होऊन माझ्या खिडकीत आले. "रहेमान किती वाजता निघालता त्या दिवशी? पावती काढ." मग त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. डब्यातल्या नाकानं समुद्रातच बोंब मारली होती. तिकडच्या बंदरात कुत्रा आणला, तर कुत्रा डब्यासमोर बसून हलेना. मग नखशिखान्त पांढरे कपडे घातलेली माणसं आत गेली आणि त्यांना हे सापडलं. फोटोत काळ्या-हिरव्या बुरशीचा एक गोळा, सुकलेल्या पानात. खाली त्यांच्या भाषेत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा की हा अज्ञात जैविक पदार्थ आहे, आणि वाटेत कोणीतरी डबा उघडला असावा.

वाटेत डबा कोणाच्या ताब्यात होता? रहेमानच्या. त्याची गाडी हिंगणघाटला तासभर थांबली होती, मोबाईलच्या नकाशावर दिसतच होतं. नाव रहेमान आणि गाडी तासभर उभी. झालं, लोकांचं गणित जुळलं! दोन्ही बंदरांनी मिळून त्याचा पास बंद केला. आता त्याला रेल्वेच्या यार्डात पाऊल टाकता येईना, आणि हे बहिणी-बहिणींचं प्रकरण असल्यामुळे एका बंदरानं हाकललं की सगळीकडून हाकललं. चौकात माणसं त्याला पाहून आवाज खाली करायला लागली. त्याची मुलगी मुस्कान, तिला शाळेत एका पोरानं विचारलं, तुझ्या अब्बूनं डब्यात काय ठेवलं होतं? हे ऐकलं तेव्हा मला असा संताप आला की त्या पोराच्या बापाला काट्यावर उभं करून त्याच्या अकलेचं वजन करावं.

मी तो फोटो मावशीला दाखवला. तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला, आणि ओरडली, "आवं माय! हा तं माहा दहीभात!"

आणि हसली. हसता हसता तिला ठसका लागला. "आता व बाई! एवढे शिकले-सवरले गोरे, अना दहीभात नाही ओळखू आला त्याह्यले?"

मी म्हटलं, "मावशी, रहेमानभाईचा पास बंद झाला यापायी."

तिचं हसू थांबलं. खर्रा थुंकायला ती बाहेर गेली, आणि परत आली ती सरळ पुंडलिकरावांच्या केबिनमध्ये. थोड्या वेळानं बाहेर निघाली तर चेहरा काळा पडलेला.

"काय म्हणाले?"

"म्हनते, तोंड उघडलं तं जिनिंगची हिरवी चिठ्ठी जाईन. डबे पुन्हा नागपूरले भरतीन. तुह्या बाया पुन्हा धुळीत. पायल पुन्हा खोकून राह्यली तं माह्याकडे येऊ नको, म्हनते." मग आवाज खाली करून म्हणाली, "अना म्हनते, रहेमानले दुसरी गाडी भेटून जाईन. मालकाइले डायवर लागतेच."

"मावशी, तू नाही सांगितलं तर मी सांगतो."

"तू मधात पडू नको. सांगाचं का गिळाचं, माहं मी पाहीन."

बरं, पुंडलिकराव खोटं बोलले नव्हते, हीच तर पंचाईत. माणूस लबाड, पण धमकी खरी.

पुढच्या सोमवारी केबिनमध्ये मोठ्या टीव्हीवर दोन्ही बंदरांची बैठक लागली. मैत्रेयी मॅडम स्वतः आल्या होत्या. पडद्यावर तिकडच्या बंदराच्या सुरक्षेची प्रमुख, एक गोरी बुढी, पांढरे केस पोरासारखे कापलेले, चेहरा इस्त्री केलेला. मावशीला खुर्ची दिली होती, कारण तिनं एवढंच सांगायचं होतं की डबा आम्ही झाडला आणि आत काही नव्हतं. मी पावत्या घेऊन कोपऱ्यात. रहेमानभाई दाराजवळ उभा, ठेवणीतला शर्ट घालून. त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

मॅडमनं त्याला विचारलं, "रहेमानभाई, हिंगणघाटला गाडी तासभर का थांबली?"

"भूक लागली होती मॅडम, और क्या?" रहेमानभाई म्हणाला. "सकाळपासून इथंच गेटवर उभा होतो. भाषणं झाली, फोटो झाले, पेढे वाटले. मले कोनी चहा पन विचारला नाही. गाडी सोडून जाता येत नव्हतं. हिंगणघाटले माही बहीण राह्यते, जुबैदा. तिच्या घरी दाल-चावल खाल्ला अना निघालो. डब्ब्याले हात नाही लावला. पोरीची कसम."

मॅडम इंग्रजीत सांगत होत्या. मी मावशीकडे पाहत होतो. ती रहेमानभाईकडे पाहत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आणि मग उभी राहिली.

"मॅडम, थो दहीभात माहा हाय. मी ठेवला."

"मावशी, बसा खाली," पुंडलिकराव म्हणाले.

"तू बस बापा. लई वेळ उभा हाय थो, त्याले बसू दे." ती मॅडमकडे वळली. "कुलूप लागाच्या आधी मीच ठेवला, पळसाच्या पानात. रहेमानले काहीच मालूम नाही. त्याचा पास वापस द्या."

पडद्यावरच्या बुढीनं एकच प्रश्न केला. मॅडम म्हणाल्या, "त्या विचारतात, कशासाठी?"

"तिले सांग, पोरगी सासरी धाडतो तं उपाशी धाडतो का? हा कापूस आमच्या हातातून गेला. इतल्या दूर, पान्यावरून, परक्या लोकायमधी. म्हनलं, खाऊन जाऊ दे." मावशीचा आवाज फाटला. आजवर मी तो कधी फाटलेला ऐकला नव्हता. "पन मी येडी! कापसाले तोंड नाही, त्याले जेवू घातलं. अना ज्याले तोंड होतं थो सकाळपासून गेटवर उभा होता. त्याच्या बाजूनंच द्रोण घेऊन गेली मी. पाह्यलं बी नाही त्याच्याकडे."

शेठच्या फोटोमागं पाल चुकचुकली. मॅडमनं या सगळ्याचं दोन वाक्यांत भाषांतर केलं, आणि करताना स्वतःचा चष्मा काढून पुसला.

बुढीनं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. इस्त्री काही मोडली नाही. ड्रायव्हरचा पास आजच चालू होईल, म्हणाली. जिनिंगची हिरवी चिठ्ठी या हंगामापुरती रद्द. मग मॅडमला अजून काहीतरी म्हणाली आणि जराशी हसली.

"काय म्हनते व?"

"म्हणतात, त्या कुत्र्याला वर्षभरात पहिल्यांदाच काहीतरी सापडलं. त्याला बिस्कीट दिलं."

"चला," मावशी म्हणाली, "कोनी तरी जेवलं."

तुम्हाला वाटेल, आता टाळ्या. कुठल्या टाळ्या! डबे नागपूरला भरायला लागले. बाया परत धुळीत गेल्या. पायलचा खोकला परत आला आणि पायलनं मावशीला तोंडावर सुनावलं, "तुह्या निवदापायी माहा जीव जाईन एखाद्या दिवशी." मावशीची मुकादमी काढून पायललाच दिली, ती पुंडलिकरावांची युक्ती, आणि मावशी इतर बायांच्या रांगेत खाली बसून कचरा वेचायला लागली. पायलला धुळीतून उठवून फाटकाजवळच्या हवेशीर जागी मावशीच ढकलत न्यायची, शिव्या खात खात. आणि रहेमानभाई? तो येऊन पाया पडेल असं मला वाटलं होतं. तो माझ्या खिडकीत येऊन म्हणाला, "इतके दिवस मले चोर बनवलं तुह्या मावशीनं. आता काय हार घालू?" त्याचंही बरोबरच होतं. वर्षभर तो गेटवरून गेला, हॉर्न वाजवला, पण मावशीशी एक शब्द बोलला नाही, आणि मावशीनंही त्याला हाक मारली नाही.

यंदा नव्यानं तपासणी झाली, हिरवी चिठ्ठी परत मिळाली आणि डबा परत पांढरकवड्याला आला. सोबत नव्या नियमांचा फलक. मावशीला वाचायची अडचण, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवला. 'डब्यात माती, बियाणे, किडे, फुले, नारळ व दहीभात ठेवण्यास सक्त मनाई.' मॅडम म्हणाल्या की तिकडच्या बंदरातही हेच लागलंय, त्यांच्या लिपीत. मावशीनं दोनदा वाचायला लावलं. "नारळाच्या बरोबरीनं बसवला," म्हणाली, आणि सांगतो, तिच्या तोंडावर लाज कमी आणि गर्व जास्त होता.

पहिला डबा निघायचा दिवस आला. परत मांडव, परत माईक, परत तो साडू. रहेमानभाई सकाळपासून ट्रेलरच्या केबिनमध्ये बसलेला. शेठनं माईक हातात घेतला आणि मावशी पदराखाली हात धरून रांगेतून उठली. पुंडलिकराव मांडवातून ओरडले, "धरा तिला! संघदीप, धर तिला!" मी कशाला धरतो? मी खिडकीतून पाहत राहिलो.

ती डब्याकडे गेलीच नाही. ट्रेलरच्या पुढं जाऊन तिनं दारावर थाप मारली. "रहेमान, उतर खाली."

तो उतरला. तिनं पदराखालून पळसाचा द्रोण काढून त्याच्या हातात दिला. "खाय. देवाले दाखवला नाही, सरळ तुह्यापाशीच आनला."

रहेमानभाई द्रोणाकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. "मावशी, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. फलकावर डबा लिहिलाय, तुहं पोट नाही लिहिलं. बस अना खाय. डबा थांबीन."

तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. मावशी पाण्याचा लोटा घेऊन समोर उभी राहिली. फोटोवाला ताटकळला, पुंडलिकराव घड्याळ पाहायला लागले, पण ती मधे उभी असेपर्यंत गाडी हलवा म्हणायची कोणाची छाती नव्हती. रहेमानभाईनं पहिला घास घेतला, थांबला, मग सावकाश सगळा खाल्ला. शेवटी पान बोटानं निपटलं आणि वर पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलत होता.

"मावशी, मीठच नाही याच्यात."

"निवद चाखत नसते," मावशी म्हणाली आणि त्याच्या हातावर पाणी घातलं.